झाकणाच्या आतलं पाणी

ते साल होतं एकोणीसशे त्र्याऐंशी. थंडीतल्या एका रविवारी सकाळी मामंजींची बोट सहाव्यांदा तळ्याच्या मधोमध बंद पडली.

"आजोबा, मेली का?" बागेच्या रखवालदारानं विचारलं. त्यानं पँट आधीच गुडघ्यापर्यंत दुमडून ठेवली होती.

"मेली नाही. बोलेनाशी झालीय," मामंजी म्हणाले.

"मग बांबूनं बोलती करू?"

गळ्यात अडकवलेल्या रिमोटच्या दोन्ही दांड्या मामंजी पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. रिमोटची लांब एरियल थंडीनं की रागानं, थरथरत होती. तिकडे हातभर लांबीची ती बोट, काळं पोट, पांढरी केबिन, मागच्या बाजूला धुरासाठीची इवलीशी लाल चिमणी, वाऱ्याबरोबर हळूहळू आडवी होत चालली होती. मी काठावर पंचा घेऊन उभी. माझं दर रविवारचं काम तेच. रखवालदार पाण्यात उतरायचा, बांबूनं बोट ओढून आणायचा, मी ती बाळासारखी पुसून पिशवीत घालायची.

मामंजी म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती, पण पायाला भिंगरी होती ती तशीच. आमच्या घरात दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लांबट बोळ होता. त्यात अकरा फरशा. मामंजी त्या अकरा फरशा दिवसातून किती वेळा मोजायचे याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जाता जाता नळ घट्ट आहे का बघायचे, खिडकीची कडी ओढून बघायचे, माझ्या डब्यांची झाकणं दाबून बघायचे.

"अहो, बसा एका जागी," सासूबाई म्हणायच्या. "हे जहाजावर असायचे तेव्हा तेरा-तेरा महिने घर कसं स्थिर असायचं. आता घरच हलतंय."

त्या थंडीच्या सुरुवातीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामंजींना काचबिंदू सांगितला होता. नजर कडेकडेनं जात होती, नळीतून बघावं तशी. गेली ती परत येणार नाही, आहे ती जमेल तेवढी सांभाळू, पण उन्हाळ्यापर्यंत लांबचं काही दिसेल याची खात्री मी देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी जेवायला बसल्यावर मामंजी म्हणाले, "बोट तळ्याच्या पलीकडच्या पायऱ्यांना टेकून परत आणायची. एकदाच. मी चालवणार आणि मी बघणार."

"आयुष्यभर बोटीच बघितल्यात की," सासूबाई म्हणाल्या.

"त्या सगळ्यांत मी आत होतो. आत बसलेल्याला जहाज परत येताना दिसत नाही."

हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा बँकेत नोकरीला होते. वडिलांशी त्यांचं बोलणं चार वाक्यांच्या पुढे क्वचित जायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे, तूच सांभाळ.

मग मीच सांभाळत होते.

बोट मामंजींनी स्वतः कोरली होती. परदेशी असलेल्या वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, रिमोटचा संच पाठवला होता. बोटीच्या पोटात चार वस्तू: बॅटरी, पंखा फिरवणारी मोटर, सुकाणू वळवणारी आणखी एक चिमुकली मोटर, आणि रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर. रिसीव्हर काड्यापेटीएवढाच, पण सगळा जीव त्याच्यात. त्याला पाणी लागलं की बोट म्हणजे नुसतं लाकूड.

पहिल्यांदा बोट बंद पडली तेव्हा मामंजींनी रिसीव्हर प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत ठेवला आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर कापून लावून ते चार स्क्रूंनी आवळलं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा पंख्याचा दांडा ज्या पितळी नळीतून बाहेर जातो, ती नळी त्यांनी ग्रीसनं ठासून भरली. तिसऱ्यांदा मला हाक मारली.

"सूनबाई, तुझ्याकडे नखं रंगवायचं ते आहे का?"

"आहे की. कुठला रंग हवा?"

"असा कसा विचारतेस? बिनरंगी."

बिनरंगी नव्हतं. मग रिसीव्हरच्या आतल्या तारांवर आणि टाक्यांवर माझं गुलाबी नेलपॉलिश चढलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "मला लग्नापासून कधी आणलं नाही, आणि या डबीचे लाड बघा!"

चौथ्यांदा झाकणाच्या कडेवर मेणबत्तीचं मेण. पाचव्यांदा मेणावर चिकटपट्टी. सहाव्यांदा ती डबी फुग्यात घालून फुग्याचं तोंड दोऱ्यानं आवळलं. आणि आश्चर्य असं, की दर वेळी बंदोबस्त वाढत होता आणि दर वेळी बोट आधीपेक्षा लवकर बंद पडत होती. पहिल्या रविवारी ती पंधरा मिनिटं चालली होती. सहाव्या रविवारी जेमतेम सहा.

त्या दिवशी घरी आल्यावर मामंजींनी फुगा फाडला, पट्टी सोलली, मेण खरवडलं आणि झाकण उघडलं. आत पाणी. नेहमीसारखं थोडंसंच, पण पाणी.

"येतं कुठून हे?" ते उठले. अकरा फरशा तिकडे, अकरा फरशा इकडे. "कुठून येतं? सुई जायला फट नाही. आता राळ ओततो. सगळं राळेत बुडवून टाकतो. कायमचं."

"मग ते बिघडलं तर उघडणार कसं?" ह्यांनी वर्तमानपत्रामागून विचारलं.

"बिघडणारच नाही!" मामंजी इतक्या जोरात ओरडले, की ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मी झाकण हातात घेतलं. पुसायलाच घेतलं होतं. थेंब झाकणाच्या आतल्या बाजूला होते, बारीक, एकसारखे, दाट. डबीचा तळ मात्र कोरडा. मी एका थेंबाला बोट लावून वास घेतला. तळ्याच्या पाण्याला शेवाळाचा वास यायचा, पंचा कितीही धुतला तरी जायचा नाही. या पाण्याला वासच नव्हता. असे थेंब मी रोज बघत होते, उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचललं की.

आता मी तेव्हा काय काम करत होते ते सांगायला हवं. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. पाण्यात टाकल्यावर फसफसतात त्या गोळ्या आम्ही नळ्यांत भरायचो. ते काम एका वेगळ्या खोलीत चालायचं, तिला कोरडी खोली म्हणत. भिंतीवर हवेतली ओल दाखवणारा काटा होता. काटा चाळीसच्या वर गेला की आमचे सुपरवायझर ओरडायचे, "चाळीस! हात वर!" की आम्ही तीस बायका काम थांबवून हात वर करून बसायचो, लुटारू शिरल्यासारख्या. त्यांचं नावच चाळीस पडलं होतं. नव्या मुलींना ते पहिल्या दिवशी सांगायचे, "बाई, नळी चांगली असून भागत नाही. बंद करताना आत काय बंद करताय ते बघा. दमट हवा कोंडलीत तर बाहेरून समुद्र आडवा आला तरी चालेल, गोळी आतल्या आतच मरते."

आणि मामंजी डबी बंद कुठे करायचे? स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी, कारण मेण तिथं मऊ राहायचं. मी शेजारी आंघोळीचं पाणी तापवत असायची. खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. ती वाफ डबीत कोंडायची आणि डबी नेऊन गार पाण्यावर ठेवायची!

मला इतका आनंद झाला, की मी काही विचार न करता बोलून गेले.

"मामंजी, पाणी बाहेरून येतच नाहीये. आपणच आत कोंडतोय. हवा दमट, डबी गरम, ती गार पडली की आत घाम येतो. जितकी घट्ट बंद करू तितका तो आतच राहतो. फट ठेवली असती तर उलट सुकून गेला असता."

मामंजी बोळाच्या मधल्या फरशीवर थांबले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. झाकण दाखवलं. चाळीसांचं बोलणं सांगितलं. ते सगळं ऐकून मामंजी खुर्चीवर बसले. लग्न होऊन मला नऊ वर्षं झाली होती. जेवणाखेरीज दिवसाउजेडी ते बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

त्यानंतर चार दिवस त्यांनी बोटीला हात लावला नाही. पिशवी दाराच्या खुंटीला तशीच. बोळातल्या फेऱ्या मात्र इतक्या वाढल्या, की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या. माझ्याशी ते एक शब्द बोलेनात.

"माझं काही चुकलं का हो?" मी ह्यांना विचारलं.

"तू त्यांना चूक दाखवलीस. मी गेली तीस वर्षं ते टाळतोय," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण तू बरोबर आहेस."

गुरुवारी मी दुपारी लवकर घरी आले. गच्चीत कपडे काढायला गेले तर मामंजी तिथं फेऱ्या मारत होते. मला बघून थांबले नाहीत. मी दोरीवरचे कपडे काढत होते, आणि ते माझ्या पुढून जाताना थोडं बोलायचे, पाठमोरे झाले की गप्प व्हायचे. त्यामुळे ती हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली.

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचं तिसरंच जहाज. वादळ चाललं होतं, वायरलेसच्या खोलीचं छत ठिबकत होतं. एकटाच ऑफिसर. पाळी संपली तेव्हा त्यांनी सेट बंद केला आणि झोपायला जाण्याआधी त्यावर मेणकापड घातलं, चारी बाजूंनी दोरीनं आवळलं.

"सेट गरम होता?" मी विचारलं.

"गरम होता. हात लावून बघितला होता मी." ते पलीकडच्या टोकाला जाऊन परत आले. "गार पडू नये म्हणून तर घातलं. लेकराला पांघरूण घालतात तसं."

सकाळी जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या पोटात दुखायला लागलं. गडबड्या, सगळ्यांना टोपणनावं ठेवणारा माणूस. वायरलेसच्या बटणाच्या आवाजावरून मामंजींना तो 'टकटक' म्हणायचा. उजव्या कुशीत हात लावू देईना. डॉक्टर असलेलं एक प्रवासी जहाज त्या भागात होतं, आदल्या संध्याकाळीच मामंजी त्याच्याशी बोलले होते. कप्तान म्हणाला, बोलाव. मामंजींनी दोरी सोडली, मेणकापड काढलं, सेट चालू केला. आत एकदाच लखकन उजेड झाला आणि जळका वास आला.

"उघडून बघितलं तर आत पाणी. थोडंसंच. मला वाटलं छतातून गेलं. मी नीट आवळलं नव्हतं, म्हणून गेलं. सेट दुरुस्त करायला एकोणीस तास लागले. स्वयंपाकी सतराव्या तासाला गेला."

मी उशीचा अभ्रा हातात धरून उभी होते.

"बत्तीस वर्षं मला वाटत होतं, मी कमी आवळलं," मामंजी म्हणाले.

तुमचा काय दोष, असं म्हणता आलं असतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर वायरलेसच्या खरखरीतून खरं अक्षर तेवढं वेचून घेतलं, त्याला असं काहीतरी ऐकवायचं मला धाडस झालं नाही. मी म्हटलं, "मला माहीत असतं तर मी त्या दिवशी बोलले नसते."

ते थांबले. "मग बोट बंदच पडत राहिली असती की," म्हणाले. "नाही, बरं केलंस." आणि मग, खाली जाता जाता, "ती तुझी कोरडी खोली कशी असते?"

दुसऱ्या दिवशी मी चाळीसांना गाठलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "खेळण्याची बोट? माझ्या खोलीत? बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी त्यांना डोळ्यांचं सांगितलं. स्वयंपाक्याचं सांगितलं नाही, ते माझं नव्हतं. चाळीस काट्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या जेवणाच्या सुट्टीत. वीस मिनिटं. आणि टोपी घातल्याशिवाय मी कुणालाही आत घेत नाही, मग ते जहाजाचे कप्तान का असेनात."

शनिवारी मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. टोपी, पांढरा डगला, बुटांवर कापडी पिशव्या. आमच्यातल्या दोघीतिघी जेवण सोडून काचेतून बघत होत्या. चाळीसांनी बोट टेबलावर ठेवून घेतली, चष्मा वर करून पोटात डोकावले.

"हा गुलाबी रंग कसला?"

"नेलपॉलिश," मामंजी म्हणाले.

"उत्तम. थर थोडा जाड झालाय." मग त्यांनी आमच्या नळ्यांत घालतात तसली ओल शोषणाऱ्या खड्यांची एक पुडी डबीत ठेवली. "आता झाकण उघडं ठेवून बसायचं. आतली जुनी हवा जाऊ द्या."

पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या उघड्या डबीकडे बघत बसलो. मामंजींचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता. काटा चौतीसवर होता.

"करा बंद," चाळीस म्हणाले.

मामंजींनी झाकण उचललं. रबराच्या कडेवर ठेवलं. स्क्रू ड्रायव्हर घेतला, आणि तसाच माझ्यापुढे धरला.

"तू कर. माझा हात फार आवळतो."

मी चार स्क्रू बसवले. रबर दबलं एवढंच, पुढे नाही. मेण नाही, पट्टी नाही, फुगा नाही. चाळीसांनी झाकणावरून अंगठा फिरवला आणि, सवयच ती, म्हणाले, "पास."

रविवारी ऊन होतं, पण वारा बोचरा. या वेळी हेही आले होते आणि सासूबाईसुद्धा, शाल लपेटून. "सातव्यांदा बंद पडते ती तरी बघावी," त्या म्हणाल्या. रखवालदारानं पँट दुमडली.

बोट निघाली. काठापासून दूर, बदकांना वळसा घालून, सरळ. पाच मिनिटं. सहा. जिथं ती गेल्या रविवारी बंद पडली होती ती जागा गेली. मी मामंजींकडे बघितलं. ते बोटीकडे बघत नव्हते. म्हणजे बघत होते, पण बोट होती त्याच्या बऱ्याच डावीकडे.

"कुठाय?" ते अगदी हळू म्हणाले.

डॉक्टरांचा उन्हाळा थंडीतच आला होता. आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. "सरळ आहे. पायऱ्या थोड्या उजवीकडे."

"किती उजवीकडे?"

"दांडी केसभर हलवा. बस. आता सरळ."

"सरळ," त्यांनी माझा शब्द परत उच्चारला, वायरलेसवर उच्चारतात तसा, समजलं हे कळवायला.

"पंधरा हात राहिले. दहा. वेग कमी करा."

"कमी केला."

"टेकली."

"टेकली," मामंजी म्हणाले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "आता मागे घेऊन वळवतो. सांग."

मी सांगत गेले. डावीकडे, सरळ, पुन्हा डावीकडे. बदकं बाजूला झाली. बोट तळ्याच्या मध्यावर आली, मध्यावरून अलीकडे आली, आणि मग मामंजींनी एकदम हाताचा पंजा वर केला. थांब, बोलू नकोस.

त्यांना दिसली होती. त्या उरलेल्या नळीएवढ्या उजेडात आधी काळं पोट आलं असेल, मग पांढरी केबिन, मग लाल चिमणी. ते रिमोटकडे न बघता दांड्या हलवत होते. बोट येऊन त्यांच्या बुटाला लागली.

"चिमणी स्वयंपाकघराची आहे," ते मला म्हणाले, फक्त मला. "धूर नसला की समजायचं, आज जेवण उशिरा."

रखवालदार दुमडलेली पँट खाली सोडत म्हणाला, "माझी नोकरी गेली म्हणायची."

त्यानंतर मामंजी नऊ वर्षं जगले, त्यातली सहा अंधारात. फेऱ्या थांबल्या नाहीत. अकरा फरशा मोजायला डोळे लागत नाहीत. पण खिडकीची कडी ओढून बघणं थांबलं. थंडी असो वा वारा, त्यांच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी असायची, आणि 'सर्दीनं मारणार तुम्ही मला' म्हणत सासूबाई मामंजी असेपर्यंत त्याबद्दल भांडत होत्या. त्या गेल्या मामंजींनंतर दोन वर्षांनी, सर्दीनं नव्हे. रखवालदाराची बदली झाली. जाताना त्यानं आपला बांबू आम्हाला आणून दिला, कपडे वाळत घालायला अजून उपयोगी पडतो. वन्सं परदेशीच राहिल्या. चाळीस रिटायर झाले, त्या दिवशी तीस बायकांनी त्यांना हात वर करून निरोप दिला आणि ते रडले. हे जाऊन पाच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी मला गच्चीतली ती गोष्ट विचारली, तेव्हा सांगितली. वडिलांची गोष्ट, उशिरा का होईना, मुलाकडे पोचली.

बोट माझ्याकडे आहे, खिडकीत. रिसीव्हर केव्हाच बोलायचा बंद झाला. दर खेपेनंतर मामंजी डबी उघडून उन्हात ठेवायचे, आणि झाकण चुकून बंद होऊ नये म्हणून कडेला काड्यापेटीतली एक काडी आडवी लावायचे. शेवटची त्यांनी चाचपून लावली होती. मी रोज बोटीवरची धूळ पुसते. झाकण उचलत नाही, आणि काडी काढत नाही.